डोंगरातलं लग्न : एक कार्यक्रम कमी करा, पाहुण्यांना एक दिवस द्या



तुळशीचं लग्न लागलं की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पत्रिका यायला लागतात. पूर्वी पत्रिकेवर मंगल कार्यालयाचा पत्ता असायचा, हल्ली डोंगराचा असतो. कुणाच्या मुलीचं लग्न मसुरीला, कुणाच्या मुलाचं शिमल्याला, कुणाचं भीमतालला. मुलं बंगलोर-गुडगावला नोकरीला असतात, तिथेच जोडीदार मिळतो. तो कधी आपल्यातला असतो, कधी गढवाल-कुमाऊंचा. माझी याला काहीच हरकत नाही. आपण इथले मराठी लोक दोन-अडीचशे वर्षांपूर्वी घर सोडून आलेल्यांचे वंशज. मुलं अजून थोडी पुढे गेली, एवढंच.

माझं म्हणणं वेगळं आहे. डोंगरात लग्न करायचं, शंभर-दीडशे माणसांना इतक्या लांब बोलवायचं आणि त्यांना डोंगरच बघू द्यायचा नाही, हे काही बरोबर नाही. यजमानांनी ठरलेल्या कार्यक्रमांतला एक कमी करावा आणि लग्नाच्या आदला एक दिवस पाहुण्यांना मोकळा द्यावा. तो कसा घालवायचा याचा इंतजामही करून ठेवावा. पुढे जे लिहितो ते कुमाऊंबद्दल आहे. बँकेच्या नोकरीत मी १९८३ ते १९८६ अशी ३ वर्षं अल्मोड्याच्या शाखेत काढली (तेव्हा ते उत्तर प्रदेशात होतं) आणि गेल्या काही वर्षांत तिकडच्या तीन लग्नांना जाऊन आलो.

आधी हिशेब मांडतो, ती सवय काही सुटत नाही. इंदूरहून पाहुणा निघतो. एक रात्र दिल्लीपर्यंत. दिवस दिल्लीत कुणा नातेवाइकाकडे. दुसऱ्या रात्री रानीखेत एक्सप्रेस, पहाटे अंधारात काठगोदाम. तिथून टॅक्सीने तासाभरात भीमताल. परत जातानाही तेच. म्हणजे ४ रात्री गाडीत आणि २ दिवस मुक्कामी. आता या २ दिवसांत काय? पहिल्या दुपारी मेंदी, संध्याकाळी संगीत. दुसऱ्या सकाळी हळद, दुपारी लग्न, रात्री रिसेप्शन. प्रत्येकाला कपड्यांचा वेगळा रंग. मधल्या वेळात इस्त्री, अंघोळीचा नंबर आणि लिफ्टची वाट. हॉलला जाड पडदे, कारण लाइटवाल्याला अंधार लागतो. आत बसलं की भीमताल काय आणि आपल्या विजयनगरमधला हॉल काय, सारखंच. पनीर तेच, डीजे तोच. डीजे दिल्लीहून मागवलेला, केटररही दिल्लीचाच.

एका लग्नात माझी मावसबहीण आली होती, वय ७६. आयुष्यात पहिल्यांदाच हिमालयाकडे आली होती. गुडघ्यांमुळे ती खोलीतून हॉलमध्ये आणि हॉलमधून खोलीत, एवढंच फिरली. काठगोदामला परत आल्यावर प्लॅटफॉर्मवर बसून मला म्हणाली, "अरे, पण हिमालय कुठे होता?" मी काय सांगणार? ती जिथे दोन दिवस राहिली तिथून दीड-दोन तासांच्या अंतरावर तो होता, आणि त्या दोन्ही सकाळी आभाळ काचेसारखं स्वच्छ होतं.

आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. इंदूरला लग्न म्हणजे पुण्या-मुंबईचं, नागपूरचं वऱ्हाड यायचं. जानवसा कुणाच्या तरी वाड्यात किंवा शाळेत. सोयी बेताच्याच, पण एक गोष्ट ठरलेली. मुलीकडचा कुणी काका किंवा मामा वऱ्हाड्यांना राजवाडा दाखवायला न्यायचा, रात्री सराफ्यात खायला न्यायचा. एक दिवस बस ठरवून उज्जैन-ओंकारेश्वर, नाहीतर महेश्वर. त्या बसमध्ये डबे उघडायचे, भेंड्या रंगायच्या, कुणाला गाडी लागायची. परत येईपर्यंत विहीणबाईंचं तोंड सुटलेलं असायचं, गप्पांसाठी. खरी सोयरीक त्या बसमध्ये जमायची. मांडवात सगळे सजून बसलेले असतात, तिथे कोण कुणाशी बोलतो?

आता तर याची जास्तच गरज आहे. पूर्वी व्याही एका गावचे नसले तरी एका भाषेचे असत. आता एकीकडे इंदूरचे मराठी, दुसरीकडे अल्मोड्याचे कुमाऊंनी. लग्नानंतर ही दोन घरं पुन्हा कधी एकत्र येणार? बारशाला, फार तर एखाद्या आजारपणात. म्हणून तो मोकळा दिवस लग्नाच्या आधीचा हवा. नंतरच्या दिवशी सगळे गाडीच्या वेळेकडे डोळे लावून बसतात.

माझी सूचना सोपी आहे. टॅक्सी यजमानांनी आधीच ठरवाव्यात आणि प्रत्येक गाडीत अर्धी माणसं आपली, अर्धी त्यांची बसवावीत. यादी आदल्या रात्री कागदावर लिहून रिसेप्शनच्या काउंटरवर लावावी. तीन गट करावेत: लांब जाणारे, थोडं जाणारे आणि कुठेच न जाणारे. एका गटाला एकच ठिकाण. "सात पॉइंट एका दिवसात" हा धंदा टॅक्सीवाल्यांचा आहे, आपला नाही.

लांब जाणाऱ्यांनी मुक्तेश्वरला जावं. उंची सुमारे २,३०० मीटर. भीमतालहून पहाटे पाचला निघालं की उजाडायच्या सुमारास पोचता. पावसाळा सरला की हवेतली धूळ-धूर धुऊन निघालेली असते, म्हणून कार्तिकात बर्फाची रांग जशी दिसते तशी मे महिन्यात दिसत नाही. पण दिसते ती सकाळी. दुपारकडे बऱ्याचदा ढग चढतात. त्रिशूळ, नंदादेवी आणि पूर्वेला पंचाचूली. नंदादेवीची उंची ७,८१६ मीटर. कांचनगंगा नेपाळच्या सीमेवर आहे, त्यामुळे संपूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर हेच. मुक्तेश्वरच्या शिवमंदिराला पायऱ्या आहेत. ज्यांना त्या झेपत नाहीत त्यांनी खालीच एखाद्या चहाच्या टपरीवर बसावं. रांग दिसेल अशी टपरी टॅक्सीवाल्याला बरोबर माहीत असते.

इथे एक गोष्ट आपल्या बायकांना जरूर सांगावी. कुमाऊं-गढवालात नंदा ही नुसती देवी नाही, ती लेक आहे. डोंगर हे तिचं माहेर आणि कैलास हे सासर. भाद्रपद शुद्ध अष्टमीच्या सुमारास अल्मोड्याला आणि नैनीतालला नंदादेवीचा मेळा भरतो. केळीच्या खांबापासून तिची मूर्ती करतात, पूजा करतात आणि मग तिला निरोप देतात. गढवालात साधारण १२ वर्षांनी नंदादेवी राजजात निघते (मागची २०१४ मध्ये निघाली होती), ती तर लेकीला सासरी पोचवायचीच यात्रा. आता आठवा, आपल्याकडे त्याच दिवसांत काय असतं? गौरी! तीच माहेरी येणारी, जेवून-खाऊन परत जाणारी लेक. अल्मोड्याला पहिल्या वर्षी मेळ्यातला निरोप बघून आमच्या सौभाग्यवती घरी येऊन बराच वेळ गप्प बसल्या होत्या, कारण इंदूरला आमच्या घरी त्याच दिवशी गौरी बसल्या होत्या आणि ही इथे होती. लग्नाला आलेल्या दोन्हीकडच्या आज्या एका बाकावर बसून त्या शिखराकडे बघत आपापल्या गौरीची आणि नंदेची गोष्ट सांगतील, तर त्यापेक्षा मोठा संगीत कार्यक्रम कोणता? मुलगी तर लग्न करून त्याच डोंगरात चालली आहे.

थोडं जाणाऱ्यांनी घोडाखालला जावं. भवालीजवळ गोलू देवतेचं मंदिर आहे. गोलू हा कुमाऊंचा न्यायदेव. लोक त्याच्याकडे लेखी अर्ज करतात, अनेकजण चक्क स्टॅम्प पेपरवर. जमिनीचा तंटा, नोकरी, परीक्षा, सुनेचं वागणं, काय वाटेल ते. काम झालं की घंटा बांधतात. हजारो घंटा, वाटीएवढ्या लहान आणि कढईएवढ्या मोठ्या. अल्मोड्याजवळ चितईला असंच मंदिर आहे. आमच्या शाखेतला एक कर्जदार कर्ज मंजूर व्हावं म्हणून तिथे अर्ज लावून आला होता. देवाकडचा अर्ज तारखेसकट, सहीसकट व्यवस्थित होता; आमच्याकडचा अपुरा होता. तर सांगायचं म्हणजे, नवरा-नवरीची मित्रमंडळी आणि शाळकरी मुलं या मंदिरात रमतात. कुणी वाचून दाखवलं तर ते अर्ज म्हणजे त्या मुलखाची अख्खी फाइल आहे.

जाता-येता डोळे उघडे ठेवावेत. आश्विन हा तिकडच्या बायकांचा सर्वांत कष्टाचा महिना, "असोज" म्हणतात. धान कापणं, गवत कापणं, सगळं एकदम. कार्तिकात गेलात तर त्या कष्टाचं फळ दिसतं: गवताच्या गंजी, छपरांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्या आणि भोपळे. आणि एक झाड बघाच, पदम. बाकीची झाडं पानं टाकायच्या बेतात असताना हे ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात गुलाबी फुलतं. रानटी चेरीचाच प्रकार. तिकडचे लोक याला देववृक्ष मानतात, लग्नामुंजीत याची डहाळी लागते. डेकोरेशनवाला प्लास्टिकची गुलाबी फुलं ट्रकने वर चढवतो, तेव्हा रस्त्याच्या कडेला हे फुकट फुललेलं असतं.

कुठेच न जाणाऱ्यांचा गट सर्वांत महत्त्वाचा. त्यात गुडघेवाले, रक्तदाबवाले, तान्ही मुलं आणि त्यांच्या आया. यांना खोलीत टाकू नका. भीमतालची उंची साधारण १,४०० मीटर, नैनीतालपेक्षा पुष्कळ कमी, म्हणून थंडीही सोसवते. तळ्याकाठी किंवा हॉटेलच्या गच्चीवर दहा-अकराच्या उन्हात खुर्च्या मांडा. तिकडे हिवाळ्याच्या उन्हात बसून मोठं पहाडी लिंबू सोलून, त्यात दही, गूळ किंवा साखर आणि वाटलेलं भांगेचं बी घालून कालवतात आणि गप्पा मारत खातात. "सना हुआ नींबू" म्हणतात. (घाबरू नका, बियांनी नशा येत नाही. तिकडच्या चटणीतही तेच असतं.) व्याह्यांकडच्या एखाद्या काकूंना सांगून हे करवा. खर्च काय? एक टोपली लिंबं.

खाण्याचं निघालंच आहे तर सांगतो. एक जेवण तरी तिकडचं ठेवा. गहतची डाळ, भटाची चुडकानी, मडुव्याची भाकरी, आलूचे गुटके. आपल्या मंडळींना वाटतं काहीतरी परकं असेल. अहो, गहत म्हणजे आपला कुळीथ आणि मडुवा म्हणजे नाचणी! कोकणातून निघून इंदूरला आलेल्या घरांत ज्या वस्तू आजही सणावारी आठवतात, त्या तिकडे रोजच्या जेवणात आहेत. कुमाऊंतल्या पंत घराण्यांची परंपरा तर असं सांगते की त्यांचा मूळपुरुष महाराष्ट्रातून तिकडे गेला. अल्मोड्याजवळच्या खूंट गावी १८८७ मध्ये जन्मलेले गोविंद वल्लभ पंत त्यांच्यातलेच. अल्मोड्याला माझ्या शेजारचे पंतजी मला दर दिवाळीला "हमारे गाँव वाले" म्हणून मिठाई द्यायचे. ते किती शतकांपूर्वी आले आणि मी किती महिन्यांपूर्वी, हा फरक त्यांनी कधी मानला नाही.

लग्नाच्या कार्यक्रमांतही थोडी अदलाबदल करता येईल. मेंदीच्या दुपारी दोन पार्लरवाल्या आणण्याऐवजी ऐपण काढायला बसवा. गेरूने सारवलेल्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचं पातळ द्रावण (त्याला बिस्वार म्हणतात) बोटांनी सोडत काढलेली नक्षी. आपल्या रांगोळीवाल्या बायकांना ते दहा मिनिटांत कळतं. संगीताच्या संध्याकाळी त्यांच्या बायकांना शकुनाखर म्हणू द्या, आपल्या बायकांना मंगळागौरीची गाणी म्हणू द्या. माइक नको. नवऱ्याची वरात येताना छोलिया नर्तक ढाल-तलवार घेऊन नाचतात, सोबत ढोल-दमाऊ आणि रणशिंग. ते असताना डीजेची गाडी कशाला? संध्याकाळी वरात दारात आल्यावर नवऱ्याचे पाय धुऊन धूलिअर्घ्य होतं, ते बघायला पाहुण्यांना वेळेवर बोलवा. नाहीतर ते पाच-दहा माणसांत उरकतं आणि बाकीचे स्टार्टरच्या रांगेत असतात. केशरी-पिवळ्यावर लाल ठिपक्यांचा रंगवाली पिछौडा आपल्या मुलीच्या खांद्यावर पडतो, तो क्षण आपल्या माणसांनी बघायला नको?

आता हरकती. पहिली, खर्च. मी म्हणतो, एका संध्याकाळचा डीजे, लाइट आणि स्टेज यांचं कोटेशन घ्या आणि १५ टॅक्सींच्या अर्ध्या दिवसाचं भाडं घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा आणि मग मला सांगा. शिवाय पहिला पैसा दिल्लीला जातो, दुसरा त्याच गावातल्या ड्रायव्हरच्या घरी. परतीच्या भेटीचंही तेच. चांदीचा मुलामा दिलेली मूर्ती कुणाला हवी आहे? अल्मोड्याच्या टम्ट्यांनी ठोकलेलं तांब्याचं छोटं भांडं द्या, बरोबर मालूच्या पानात गुंडाळलेली सिंगौडी आणि डबाभर बालमिठाई. घरी गेल्यावर दहा वर्षं आठवण राहील (भांड्याची, मिठाई दिल्लीपर्यंतसुद्धा टिकत नाही).

दुसरी हरकत, "मुलांना फंक्शन हवेत." करू द्या ना. त्यांची हौस त्यांची. पण मुलांनाही विचारून बघा. माझ्या पाहण्यात मुलं ऐकतात. आईबापांनाच वाटतं की अमक्याच्या लग्नात ६ कार्यक्रम झाले, आपल्याकडे ५ कसे.

तिसरी, "म्हातारी माणसं गाडीत त्रास देतात." त्याला उपाय आहेत. पोटभर पोहे खाऊन घाटात बसवू नका, हलकं खाऊ द्या. ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. दर पाऊण तासाने थांबा. अंधार पडायच्या आत परत या. नोव्हेंबरात सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो आणि मग थंडी एकदम उतरते. कानटोपी, लोकरीचे मोजे, जाड शाल पत्रिकेबरोबरच कळवा. कपड्यांचा रंग कळवता, मग हे का नाही?

तारीख ठरवतानाही थोडं भान हवं. १८-१९ ऑक्टोबर २०२१ ला कुमाऊंत प्रचंड पाऊस झाला, नैनीतालचं तळं भरून रस्त्यावर आलं, रस्ते तुटले, माणसं गेली. म्हणून ऑक्टोबरचा मध्य टाळून कार्तिकी एकादशीनंतरचा मुहूर्त धरलेला बरा, आपल्या पंचांगालाही तेच मान्य आहे. शक्यतो शनिवार-रविवारही टाळावा. त्या दिवशी नैनीतालला गाडी लावायला जागा नसते आणि कैंची धामच्या रस्त्यावर तासन् तास रांग असते.

आणि पाहुण्यांनीही आपली बाजू सांभाळावी. नैनीतालला ज्या मैदानात आज लोक भुट्टे खातात, त्या फ्लॅट्सचा बराचसा भाग १८ सप्टेंबर १८८० च्या दरडीच्या मलब्यातून तयार झालेला आहे. त्या दिवशी १५१ माणसं गाडली गेली. हा डोंगर असा नाजूक आहे. तिथे प्लास्टिक टाकू नये, रात्री दोनपर्यंत दणदणाट करू नये, गरम पाण्याचा नळ सोडून बाहेर येऊ नये. आपण दोन दिवसांत निघतो. आपली मुलगी आणि तिच्या सासरची माणसं मात्र तिथेच राहणार असतात.

तर ज्यांच्या घरी या हंगामात किंवा पुढच्या वर्षी डोंगरातलं लग्न आहे, त्यांनी इव्हेंटवाल्याशी बोलताना पहिला प्रश्न हा विचारावा: यातला कोणता कार्यक्रम काढता येईल? आणि दुसरा: आमच्या आत्याबाईंना, मावशीला हिमालय कधी दिसेल? त्याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर आपण स्वतः एका काकाला कामाला लावावं. असे काका आपल्या घरांत अजून आहेत, निवृत्त आहेत, यादी करायला त्यांना आवडतं.

गढवाल, हिमाचल, दार्जिलिंगकडची माहिती ज्यांना आहे, बडोदा, हैदराबाद, ग्वाल्हेर, बेळगाव, कुठलेही असा, त्यांनी खाली जरूर लिहावं. ठिकाणाचं नाव, वेळ आणि पायऱ्या किती, एवढं तरी लिहा. पायऱ्यांचा आकडा आमच्या वयाला फार उपयोगी पडतो.

एक निवृत्त बँकवाला, इंदूर